प्रोफेसर परांडकरांची चार कणसं

शिकवण्यात परांडकरांच्या तोडीचा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे आधीच लिहून टाकतो. एकदा हे सांगून झालं, की पुढे मला मोकळेपणी लिहिता येईल. त्यांचं नाव काढणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. कुणी मामलेदार झाले, कुणी अकलूजकडे साखर कारखान्यात ऊस बघतात, आणि मध्यंतरी अशाच काहींनी मिळून परांडकरांची तसबीर लावायचं ठरवलं. तुम्हीही गुरुजींच्या दोन आठवणी लिहून पाठवा, असा मला निरोप आला. हे लिहिलेलं ते छापणार नाहीत याची मला खात्री आहे, म्हणून दोनाऐवजी चार आठवणी लिहितो आहे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी त्यांच्याबद्दल वाईट बोलायची आमची छाती नव्हती, मग बोलायचं तरी कधी?

सोलापूरच्या बाहेर तेव्हा एक सरकारी शेत होतं आणि तिथं मॅट्रिक झालेल्या मुलांसाठी दोन वर्षांचा शेतकीचा वर्ग चालायचा. तीस सालच्या मार्शल लॉनंतरची दोन-तीन वर्षं असतील. परांडकर मूळचे पुण्याचे. तिथल्या शेतकी कॉलेजात ते पिढ्यांचं शास्त्र शिकवायचे, म्हणजे आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात त्याचं शास्त्र. जोंधळ्यावर प्रयोग करायला सरकारनं त्यांना आमच्याकडे धाडलं होतं आणि शेताबरोबर आम्हीही त्यांच्या पदरात पडलो होतो. आम्ही त्यांच्या तासाला ‘पिढीचा तास’ म्हणायचो.

उंच, सडपातळ माणूस. भर उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी. दुसरे लोक खिशाला पेन लावतात तिथं यांच्या खिशाला बारीक पोलादी चिमटा असायचा. समोर आलेल्या माणसाचं तोंड ते आधी बघत नसत. आधी कान बघायचे, मग बोटं बघायचे आणि मग विचारायचे, “बाप काय करतो?”

पहिल्याच तासाला माझी पाळी आली. मी करकंब गावचा. धोतर गुडघ्याच्या खाली घ्यायला नुकताच शिकलो होतो.

“बोटं दाखव,” ते म्हणाले. मी दाखवली. “बाप नांगर धरतो.”

“व्हय सर.”

“आजाही धरायचा.”

“व्हय सर.”

“मग तू इथं काय धरायला आलास?”

वर्ग खो खो हसला. हसणारे बहुतेक वकिलांचे आणि कारकुनांचे चिरंजीव होते. त्यांची बोटं पाहून परांडकर मान हलवायचे आणि म्हणायचे, “खाण तशी माती.” हीच म्हण ते आमच्यासाठीही वापरायचे, फक्त सूर वेगळा असायचा. दोन वर्षांत ती म्हण मी इतक्या वेळा ऐकली, की पुढं घरात कुणी सहज म्हटली तरी माझं डोकं फिरायचं.

आणि याच माणसानं पुढच्या तासाला दोन पिशव्या आणल्या. एकीत तांबडे जोंधळे, एकीत पांढरे. दोन्ही एका घमेल्यात ओतले, एका पोराचे डोळे रुमालानं बांधले आणि त्याला जोडी जोडीनं दाणे काढायला लावले. फळ्यावर खुणा होत गेल्या. मधेमधे ते गोष्ट सांगत होते. परदेशातल्या कुठल्याशा मठात एक साधू होता, तो बागेत वाटाणे लावत बसायचा, लोक त्याला हसायचे. कीर्तनात बुवा रंगतो तसे ते रंगले होते. तास संपता संपता फळ्यावरच्या खुणांतून हिशेब आपोआप उभा राहिला, तांबडा दाणा असलेल्या तीन जोड्यांमागे निव्वळ पांढरी एक, साधूच्या वाटाण्यांचा होता तोच. परांडकरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि निघून गेले. आम्ही बाकांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू?

कुणी त्यांच्याबद्दल देव असल्यासारखं बोलतात, कुणी नाव काढलं की थुंकतात. दोघंही खरं तेच सांगतात. तुमचा बाप कोण यावर तुमच्या वाट्याला कुठले परांडकर येतील ते ठरायचं.

जोंधळ्याचा संकर करायचा म्हणजे फार नाजूक काम असतं. फूल पहाटे उमलायच्या आत, आदल्या संध्याकाळी, प्रत्येक फुलातले तिन्ही परागकोष सुईनं काढून घ्यायचे, कणसाला कागदाची पिशवी घालायची आणि सकाळी दुसऱ्या जातीचे पराग आणून झटकायचे. माझ्या हातून फुलं चिरडायची. चिरडलं की परांडकर कणीस मोडून बांधावर फेकायचे आणि म्हणायचे, “बापाचे हात.” एका संध्याकाळी त्यांनी माझी अशी किती कणसं फेकली त्याची गणती नाही. बाकीची पोरं निघून गेली. ते मात्र गेले नाहीत. माझं मनगट धरून वाफ्यात उकिडवे बसले आणि मला फूल सोलता येईपर्यंत उठले नाहीत. आलं तेव्हा शाबास म्हणाले नाहीत, नुसते चालायला लागले. ती कला मला आजही येते, आणि तिच्यासाठी मी त्यांचे उपकार मानावेत असं मला आजही वाटत नाही.

त्यांचा सगळा जीव एका वाफ्यात होता. आमच्याकडे गुळभेंडी म्हणून हुरड्याची जात असते. गोड, दाणा सहज सुटणारी, पण जरा पाऊस ओढला की माना टाकणारी. आणि भाकरीचा शाळू दुष्काळातही उभा राहतो, पण त्याला ती गोडी नाही. परांडकरांना या दोघांचं मिळून एक वाण करायचं होतं. हुरड्याच्या दिवसांत ते आम्हाला शेतावर पार्टी द्यायचे. गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसायचे, डोळे मिटून तळहातावरचे चार दाणे तोंडात टाकायचे आणि कुठल्या वाफ्यातलं कणीस ते सांगायचे. एकदा कुणीतरी शेजारच्या शेतकऱ्याचं कणीस भाजून त्यांच्या हातावर मळलं. त्यांनी ते लगेच थुंकलं आणि म्हणाले, “हे चोरीचं आहे.” त्या दिवशी तेही हसले. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाले, “दुष्काळात तुमच्या घरी जी भाकरी होते ना, ती गोड लागली पाहिजे. मला एवढंच करून मरायचं आहे.” मी करकंबचा, दुष्काळातली भाकरी खाल्लेला. त्या वेळी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आता सिद्रामबद्दल सांगतो.

सिद्राम आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. लिंगायत, घरी निम्मं कानडी निम्मं मराठी. वडील बसप्पा आणि चुलते दोघंही गिरणीत रंगखात्याला होते. सिद्रामची बोटं पाहून परांडकरांनी पहिल्या दिवशी “धोटा” एवढंच म्हटलं होतं. मागावर धोटा फेकणाऱ्या विणकराचीच बोटं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण सहा महिन्यांत त्या बोटांशिवाय त्यांचं पान हलेना. फुलं सोलण्यात सिद्रामच्या हाताला यश होतं. पिशव्या घालणं, चिठ्ठ्या बांधणं, पाखरं राखणं, सगळं तोच बघायचा. “नियमाला अपवाद असतो,” परांडकर त्याच्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, आणि हा वेडा त्यावर खूश व्हायचा. तो चालायचाही त्यांच्यासारखा, हात मागं बांधून. आम्ही त्याला चिडवायचो, पण त्याचं लक्ष नसायचं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात परांडकर माणसांच्या पिढ्यांवर आले. तास सुरू होताच विचारलं, “कुणाच्या घरात काही खूण आहे? सहावं बोट, घारे डोळे, पांढरी बट, काहीही.” गुरूचा प्रश्न रिकामा जातो आहे हे सिद्रामला बघवलं नाही. तो उठून म्हणाला, “सर, आमच्या अप्पांचे आन् काकांचे हात पांढरे हायत. मनगटापर्यंत.”

परांडकरांचा चेहरा उजळला. त्यांनी फळ्यावर सिद्रामचं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. बापाचा चौकोन आणि चुलत्याचा चौकोन खडूनं पांढरे भरले. खाली सिद्रामचा चौकोन आणि त्याच्या बहिणीचं वर्तुळ काढलं, ते अर्धं अर्धं भरलं आणि वर लिहिलं, ‘कोड. लपलेला दोष.’

सिद्राम गडबडला. “सर, ते कोड न्हाय. रंगखात्यातलं हाय. तितल्या औषधानं हात तसे होतात. तितं समद्यांचेच...”

“खाली बस,” परांडकर म्हणाले. “निरीक्षण तुझं झालं. कारण शोधायला मी आहे.”

आकृती इतकी सुबक आली होती, की त्यांना ती पुसवेना. कोपऱ्यात ‘पुसू नये’ असं लिहून ते गेले. आठवडाभर ती फळ्यावर होती. गडी बघून जायचे, पाहुणे बघून जायचे. सिद्राम तेवढे दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा.

त्याची बहीण गौरव्वा. अक्कलकोटच्या एका आडत दुकानदाराच्या मुलाशी तिचं ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, लग्न चैत्रात धरलं होतं. त्या दुकानदाराचा पुतण्या आमच्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर बसायचा. तो वाईट मुलगा नव्हता. सुटीत घरी गेला आणि जे फळ्यावर बघितलं ते सांगितलं. सोलापुरात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, कारण रंगखात्यातले हात इथं रस्तोरस्ती दिसतात. अक्कलकोटच्या दुकानदाराला ते कुठून ठाऊक असणार? आणि सांगणारा कोण, तर सरकारी शेतावरचा प्रोफेसर. साखरपुड्यात व्याह्यांकडे दिलेलं लुगडं पंधरवड्यात परत आलं, लग्न मोडलं.

बसप्पा आणि सिद्राम परांडकरांच्या बंगल्यावर गेले. सिद्रामनं मला सोबतीला नेलं होतं. परांडकरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वागण्यात त्यांची कुठं चूक काढायला जागा नसे. बसप्पांनी हात उपरण्याखाली झाकून घेतले होते.

“साहेब,” बसप्पा म्हणाले, “आमच्या खात्यात एकदा येऊन बघा की. रेड्डी हाय, मुसलमान हाय, मराठे हायत, समद्यांचे हात असलेच हायती. आमी काय एका आईची लेकरं हाव व्हय? तुमी एक शब्द टाकला तर पोरीचं व्हतंय.”

“तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं,” परांडकर म्हणाले. “पण कुणाचं लग्न अडलं म्हणून शास्त्र आपलं उत्तर बदलत नाही.”

“एकदा येऊन बघा म्हनतोय.”

“मला वेळ नाही. जोंधळा निसवतो आहे, कणसं बाहेर पडायला लागली आहेत.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण अडाण्याला म्हणतो. शिकलेल्यानं तेच केलं की त्याला मत म्हणतात. गिरणी तिथून टांग्यानं अर्ध्या तासावर होती. परत येताना सिद्राम हात मागं बांधून चालत नव्हता.

घरी गौरव्वा दारातच उभी होती. “काय म्हनलं?” तिनं विचारलं. बसप्पांनी उपरणं खुंटीला अडकवलं. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली. मला तो आवाज अजून ऐकू येतो. त्या दिवसापासून परांडकरांना रडताना बघायची मला इच्छा झाली, आणि ती मी कधी लपवली नाही.

माघात जोंधळा पिकला. परांडकरांच्या वाफ्यात त्या साली त्यांना हवं ते आलं होतं. बरीच वर्षं निवडत निवडत आणलेल्या त्या पिकात शेवटी चारच ताटं, म्हणजे धाटं, अशी निघाली, की पाऊस नसताना ताठ उभी राहिली आणि हुरड्याला गोड लागली. मागच्या सालचं बी मिसळीचं होतं, त्याच्यात काही राम नव्हता. जे काय होतं ते त्या चार कणसांत. परांडकरांनी त्यांना स्वतःच्या हातानं पिशव्या बांधल्या होत्या. राखणीला सिद्राम होता. मोडलेल्या लग्नानंतरही राखणीला त्यालाच ठेवायला त्यांना काही वाटलं नाही. तो काही करील हे त्यांच्या मनात आलं नसेल. लिंबाच्या झाडानं आपल्यावर राग धरला असेल असं कुणाच्या मनात येतं का?

एका सकाळी चारी ताटं बोडकी होती.

कणसं खुडणार हे आदल्या दिवशीच सिद्रामनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, “जाळून टाक.”

“न्हाय,” तो म्हणाला. “जाळायची न्हाईत. लई कष्टाची हायत रे.”

परांडकरांनी त्याला खोलीत बोलावलं. मी दाराबाहेर होतो. आधी धमकी झाली, “पोलिसांत देईन.” सिद्राम म्हणाला, “द्या सर. कणसं कुटं हायत ते मला ठावं हाय, पोलिसास्नी न्हाय.” मग परांडकरांचा आवाज आला. इतका बारीक आवाज त्यांचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. “तुला काय पाहिजे?”

“गिरणीवर चला. डोळ्यांनी बघा. आन् मग अक्कलकोटला चलून सांगा, की मी चुकलो. एवढं केलं की कणसं तुमची.”

परांडकर कबूल झाले. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा त्यांच्यासह आम्ही फाटकाशी उभे होतो. रंगखात्याचे लोक बाहेर पडायला लागले. बसप्पांनी एकेकाला थांबवलं. “हात दाव रे.” लोकांना वाटलं, डॉक्टर आलाय. दाढीवाल्यानं दाखवले, तेलुगू बोलणाऱ्या दोघांनी दाखवले, कुंभारीहून रोज चालत येणाऱ्या एका मराठ्यानं दाखवले. सगळे मनगटापर्यंत पांढरे. एक म्हातारा म्हणाला, “साहेब, काम सोडलं की वर्साभरात जरा कमी व्हतंय, पर काम सोडून खायाचं काय?” परांडकर एकेक हात उलटा-सुलटा करून बघत होते. तोंडावर घाम आला होता. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होतो. इतकी चैन मी आयुष्यात केली नाही.

शेवटी ते म्हणाले, “माझं चुकलं.” हे ते सिद्रामकडे बघून म्हणाले नाहीत, फाटकाकडे बघून म्हणाले. पण म्हणाले.

शनिवारी मोटारीनं आम्ही अक्कलकोटला गेलो. ते, सिद्राम आणि मी. दुकानदार पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. प्रोफेसर स्वतः आलेत म्हणून त्यानं गादी झटकली, पानाचं तबक पुढं केलं. परांडकरांनी सगळं नीट सांगितलं. फळ्यासमोर सांगायचे तसंच, मुद्द्याला मुद्दा जोडून. कोड नाही, रक्तात काही नाही, मुलगी निर्दोष आहे, चूक माझी आहे.

दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलासा,” तो म्हणाला. “पन साहेब, मागं हाय म्हनलासा, आता न्हाय म्हनतासा. फुडं काय म्हनाल ते शिवालाच ठावं. आमी यापारी मानसं. एकदा नासकं म्हनून बोंब झालेला माल परत कोन घेतंय?”

“अहो, ती मुलगी आहे,” परांडकर म्हणाले.

“व्हय की. म्हनूनच की. आन् आमच्या पोराचं दुदनीला ठरलंय. परवाच अक्षता हायत. तुमीबी या.”

परतीच्या मोटारीत परांडकर एकदाच बोलले. “कणसं सुकवली होतीस का? ओलसर ठेवली असतील तर बुरशी येईल.” सिद्राम म्हणाला, “उद्या सकाळी घरी या सर. देतो.” मी त्याला कोपरानं ढोसलं. तो म्हणाला, “ते सांगितलं तसं वागलेत. आपन बी वागायचं.” असला तो होता. त्याच्या जागी मी असतो तर घरी पोचताच ती कणसं बैलापुढं टाकली असती.

रविवारी सकाळी परांडकर पहिल्यांदाच त्या गल्लीत आले. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट चालला होता. लोक मागावरून माना काढून बघत होते. वाकून ते दारातून आत शिरले. खोली एकच. बसप्पांनी घोंगडी अंथरली. गौरव्वानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, आणि त्यांनी नको म्हणायच्या आतच ताट वाढलं. तव्यावरची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेल. आमच्याकडे पाहुणा उपाशी जात नाही, मग तो कसलाही असो.

“जेवा साहेब,” बसप्पा म्हणाले.

परांडकरांनी मान हलवली आणि सिद्रामकडे बघितलं. सिद्रामनं माळवदाच्या तुळईकडे हात नेला. तिथं जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून त्यानं कणसं टांगली होती. हात तिथंच थांबला. तुळईला रिकामी दोरी होती.

“गौरव्वा,” तो म्हणाला, “हितलं कुटं गेलं?”

ती चुलीपाशी होती. उठून पदर सावरून ताठ उभी राहिली. मी तिला इतकं ताठ कधी पाहिलं नव्हतं. रात्री सिद्रामनं अक्कलकोटचं सगळं घरात सांगितलं होतं, आणि ते तिनं ऐकलं होतं.

“साहेबांच्या ताटात हाय की,” ती म्हणाली. “सकाळी मळलं, पाखडलं, दळलं. माझ्या लग्नाला म्हनून आनलेला जोंधळा सरला व्हता.”

सिद्रामनं रिकामी दोरी मुठीत धरली. त्यानं दोन वर्षं तो वाफा राखला होता. बसप्पांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि त्या पांढऱ्या हाताकडे परांडकर बघत राहिले. मग ते ताटावरून उठले. ताट ओलांडून कोपऱ्यातल्या जात्यापाशी गेले आणि गुडघ्यावर बसले. कोटाची टोकं जमिनीला लागत होती. वरची तळी त्यांनी दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला, ती हलेना. मग दाणे टाकायच्या मधल्या तोंडात बोट घालून बघितलं, आणि खालच्या पाळीत साचलेल्या पिठात वाकून शोधायला लागले. खिशातला चिमटा काढला. एखादा अख्खा दाणा राहिला असेल, न फुटलेला, एवढंच त्यांना बघायचं होतं.

सिद्राम हलला. माझ्या देखत तो चार पावलं जाऊन त्यांच्या शेजारी बसला आणि पीठ बोटांनी अलगद बाजूला करायला लागला. दोघांची डोकी जवळ आली.

“अण्णा,” गौरव्वा म्हणाली.

त्यानं वर बघितलं नाही.

“अण्णा, ऊठ तितनं.”

त्याचे हात थांबले. बोटांना पीठ लागलं होतं. त्यानं एकदा परांडकरांकडे बघितलं, मग बहिणीकडे. पुढं तिला बिजवराच्या घरी जावं लागलं, दोन सावत्र लेकरांवर. ते त्या वेळी आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या तोंडावर ते तेव्हाच दिसत होतं. सिद्राम उठला. उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

परांडकरांचं लक्ष नव्हतं. टोपी पिठात पडली होती, ती त्यांनी उचलली नाही. डोळे जात्याच्या पाळीला चिकटवून ते चिमट्यानं एकेक कण उलटत होते.

“दिवा आणा जरा कुणीतरी,” वर न बघता ते म्हणाले. “इथं काही दिसत नाही.”

दिवा कोनाड्यातच होता, माझ्या हाताशी. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.